पेटीतली नऊ नाणी, आणि राज्य नेमकं कुणाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मल्हारगंजातलं जुनं घर रिकामं करताना आजेसासऱ्यांच्या पेटीत नऊ नाणी निघाली. नववीतल्या तुमच्या मुलानं पुस्तकातली राज्यकर्त्यांची यादी समोर ठेवून ती क्रमानं लावायला घेतली, आणि यादी काही नाण्यांशी जुळेना. सूर्याचा चेहरा असलेला रुपया होळकरांचा म्हणतात, पण त्यावर नाव मोगल बादशहाचं. एका रुपयाच्या एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि दुसऱ्या बाजूला राणी. आणि १९४७ च्या रुपयावर इंग्रजांचा राजा. म्हणून तुम्ही विचारलंत, की या देशावर कुणी कधीपासून कधीपर्यंत राज्य केलं याची एक सरळ यादी मिळेल का.

पस्तीस वर्षं मी इंदूरच्या सराफ्यात जुनी नाणी पारखतोय. यादी देतो, पण आधी एक सांगायला हवं. मुलाचं काही चुकलेलं नाही. पुस्तकातली यादी गादी कुणाकडे होती ते सांगते. नाण्यावर मात्र बाजार कुणाचं नाव ओळखत होता ते असतं. गादी एका दिवसात बदलते, टाकसाळीतला ठसा बदलायला वर्षं लागतात. त्यामुळे प्रत्येक नाण्याला तीन प्रश्न विचारायचे. यावर नाव कुणाचं? तेव्हा कचेरीत हुकूम कुणाचा चालत होता? आणि गादी रिकामी झाली की पुढच्या वारसाला मान्यता कुणाकडून घ्यावी लागत होती? तिन्हींचं उत्तर एकच आलं तर तो खरा धनी. तुमच्या पेटीतल्या बहुतेक नाण्यांना तीन वेगवेगळी उत्तरं येतील.

सूर्याच्या रुपयापासून सुरुवात करू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो जाड, थोडा वेडावाकडा गोल दिसतोय. मधोमध डोळे-नाक-ओठ असलेला सूर्य, भोवती किरणं, आणि कडेला फारसी अक्षरं, त्यातली निम्मी चकतीबाहेर गेलेली. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून असं होई. तो नाण्याचा दोष नव्हे. ही मल्हारनगरची म्हणजे इंदूरची टाकसाळ. दुसरा, पिंडी आणि बेलपत्राचा रुपया महेश्वरच्या टाकसाळीचा. ही खूण अहिल्याबाईंच्या काळात आली. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ असा कारभार महेश्वरहून पाहिला आणि हुकुमांवर स्वतःचं नाव न घालता ‘श्री शंकर’ लिहिलं. राज्य शंकराचं, आपण कारभारी, ही त्यांची भूमिका होती. पुढे विसाव्या शतकातसुद्धा होळकर दरबारचे आदेश ‘हुजूर श्री शंकर’ ऑर्डर याच नावानं निघत. आणि तरी त्याच रुपयाच्या दुसऱ्या बाजूला दिल्लीचा शाह आलम बादशहा आहे.

आता उतरंड बघा. हुकुमावर शंकर. कारभार होळकरांचा. होळकर पेशव्यांचे सरदार. पेशवा सातारच्या छत्रपतींचा प्रधान. आणि दिल्लीच्या बादशहानं १७८४ मध्ये पेशव्याला वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी प्रतिनिधी, नेमलं होतं, महादजी शिंदे त्याचे नायब म्हणून सगळं पाहत. त्या बादशहाची स्वतःची सत्ता केवढी, हे लोक एका ओळीत सांगत: ‘सल्तनत-ए-शाह आलम, अज दिल्ली ता पालम’, म्हणजे शाह आलमचं राज्य दिल्लीपासून जवळच्या पालमपर्यंत. १७८८ मध्ये गुलाम कादिरनं त्याचे डोळे काढले आणि महादजींनी त्याला पुन्हा गादीवर बसवलं. अशा आंधळ्या, परावलंबी माणसाचं नाव माळव्यातल्या रुपयावर कशासाठी?

याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. रुपया बाजारात गेला की सराफ आधी छाप बघायचा. ओळखीची छाप असली तर पूर्ण किंमत, अनोळखी असली तर बट्टा कापायचा. नवीन नावाचं नाणं पाडणं म्हणजे आपल्याच रुपयाला बट्टा लावून घेणं. शाह आलमचं नाव बंगालपासून गुजरातेपर्यंत चालत होतं, म्हणून मराठे तेच वापरत राहिले, आणि आपली ओळख सूर्यात, बेलपत्रात, पिंडीत ठेवली. कंपनीनंही हेच केलं. १७६५ मध्ये शाह आलमकडूनच बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, घेतलेली कंपनी १८३५ पर्यंत त्याच्याच नावाचे रुपये पाडत होती. बंगालच्या रुपयावर तर बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष कायमचं थिजवून ठेवलं होतं, म्हणजे जुन्या-नव्या रुपयात सराफाला फरक करता येऊ नये.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो, तुमच्या मुलाच्या उपयोगी पडेल. धंद्यात नवा असताना एका घरचा असाच सूर्याचा रुपया मी ‘शाह आलमच्या हयातीतला’ म्हणून चिठ्ठी लिहून परत केला. नंतर भिंगाखाली फोटो पाहिला तर सन बाराशे चाळिसाच्या पुढचा होता. हिजरी धरा की फसली, शाह आलम १८०६ मध्ये वारला होता, म्हणजे मध्ये किमान अठरा वर्षं गेलेली. मी नाव वाचलं होतं, सन वाचला नव्हता. त्या घरी जाऊन चिठ्ठी बदलून आलो. तेव्हापासून मी नाव शेवटी वाचतो. आधी खूण, मग जर्ब म्हणजे टाकसाळ, मग सन, आणि मग नाव.

तुमच्या पेटीत नाही, पण या जागी सांगितलंच पाहिजे असं एक नाणं आहे. शके १७२८, म्हणजे १८०६ चा यशवंतराव होळकरांचा रुपया. यशवंतरावांनी १८०२ मध्ये पुण्याजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या, १८०४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातल्या दिल्लीला वेढा घातला, तो फसला, आणि १८०५ च्या डिसेंबरात इंग्रजांशी तह केला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी संस्कृत लेख असलेलं नाणं पाडलं. त्यावर एका बाजूला आहे: ‘श्री इंद्रप्रस्थस्थितो राजा चक्रवर्ती भूमंडले, तत्प्रसादात् कृता मुद्रा लोकेऽस्मिन् वै विराजते’. इंद्रप्रस्थात बसलेला चक्रवर्ती राजा, त्याच्या कृपेनं ही मुद्रा. दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांताच्या चरणकमळी भ्रमरासारखं चित्त असलेल्या यशवंताचं नाव. विचार करा, फारसी सोडली, संस्कृत आणली, स्वतःचं नाव घातलं, आणि तरी दिल्लीला चक्रवर्ती म्हटलं. १८०३ पासून तो चक्रवर्ती कंपनीचा पेन्शनर झालेला होता आणि हे यशवंतरावांइतकं स्पष्ट कुणाला ठाऊक होतं? मला हे नाणं होळकरांच्या सगळ्या नाण्यांत श्रेष्ठ वाटतं. इंग्रजांना धनी मानायचं नाही, हे त्यांनी तहानंतरही या एका ओळीत लिहून ठेवलं.

१८११ मध्ये यशवंतराव भानपुऱ्याला वारले. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर इंग्रजांशी लढाई हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. राजपुतान्यावरचे आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचे हक्क गेले, परक्या दरबारांशी परस्पर बोलणं बंद झालं, राजधानी इंदूरला आली आणि दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी, बसला. आणि रुपया? रुपया तसाच. तोच सूर्य, तेच शाह आलमचं नाव. म्हणजे ज्या वर्षी सत्ता खरोखर हातून गेली, त्या वर्षी नाण्यावर एक रेघही बदललेली नाही. मुलाला हे जरूर दाखवा.

इथून पुढे तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त बोलतो. १८४४ मध्ये दुसरे तुकोजीराव लहान वयात गादीवर आले ते रेसिडेंटच्या मान्यतेनं. १९०३ मध्ये शिवाजीरावांनी गादी सोडली आणि बारा वर्षांचे तिसरे तुकोजीराव आले, कारभार कौन्सिलकडे गेला. १९२५ मध्ये मुंबईला मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, तुकोजीरावांवर संशय आला, आणि १९२६ मध्ये चौकशीला सामोरं जाण्याऐवजी त्यांनीही गादी सोडली. सतरा वर्षांचे दुसरे यशवंतराव आले. त्यांना पूर्ण अधिकार मिळाले १९३० मध्ये. तुमच्या पेटीतला तांब्याचा अर्धा आणा यांचाच. १९३५ चा आहे, देवनागरीत महाराजांचं नाव आणि त्यांचा चेहरा. नाव त्यांचं, कचेरीत हुकूम त्यांचा, पण वारसाला मान्यता दिल्लीहून. इंदूरकरांना हे रोज दिसत होतं. राजवाड्यावरून निघालात की होळकरांचा अंमल, आणि रेसिडेन्सीच्या हद्दीत शिरलात की इंग्रजांचा. दोन अंमल एकाच गावात, टांग्यानं थोड्या वेळाच्या अंतरावर.

आता इंग्रजी नाणी. १८३५ मध्ये कंपनीनं सगळीकडे एकच रुपया केला, वजन १८० ग्रेन म्हणजे आजचे साधारण ११.६६ ग्रॅम. आपला तोळा तो हाच. आजी सोनं तोलायला एका पारड्यात रुपया टाकायची असं तुमच्या घरी कुणी सांगत असेल, तर ते शब्दशः खरं आहे. त्या १८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम होता. तो १८३७ मध्ये वारला, पण त्याचे रुपये १८४० पर्यंत पडत राहिले. तुमचा १८४० चा रुपया त्याच्या पुढचा. एका बाजूला व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला कंपनी. मुलाला हा सगळ्यात विचित्र वाटला, पण खरं तर हाच सगळ्यात प्रामाणिक आहे. १८३३ च्या कायद्यानं कंपनीकडे हिंदुस्थान राजाच्या वतीनं ठेवलेली ठेव म्हणून होता. धनी एक, मुनीम एक, आणि नाण्यावर दोघंही.

१८५७ मध्ये उठाव झाला. इंदूरला १ जुलैला सआदत खान आणि त्याच्या साथीदारांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला, आणि रेसिडेन्सीतला इंग्रज अधिकारी ड्युरँड सिहोरकडे निघून गेला. उठाव मोडल्यावर १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यानं कंपनीचा कारभार संपला. पण ‘ईस्ट इंडिया कंपनी’ लिहिलेले रुपये १८६२ पर्यंत पडत होते, सन तोच १८४०. कंपनी गेल्यावर चार वर्षं तिचं नाव हातोहात फिरत होतं. मग १८६२ चा ‘व्हिक्टोरिया क्वीन’. त्याचाही सन थिजवला, १८७४ पर्यंत तोच १८६२. म्हणून तुमचा ‘१८६२’ चा रुपया खरोखर १८६२ चाच आहे असं नाही. वर्षं ओळखायला मागच्या बाजूला बारीक ठिपके आहेत, ते भिंगानं मोजावे लागतात. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबार झाला आणि राणी सम्राज्ञी झाली, तेव्हापासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’. तुमचे दोन राणीछाप रुपये शेजारी ठेवा, एकच बाई, एकच मुकुट, एक शब्द बदललेला. त्या एका शब्दात सगळी संस्थानं मांडलिक झाली.

सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०. त्याचे रुपये १९०३ पासून, आणि त्यावर तो बोडक्या डोक्याचा आहे, मुकुट नाही. जुनी माणसं म्हणून त्याला लगेच ओळखतात. इंदूरचा आपला गांधी हॉल १९०४ चा, बांधला तेव्हा तो किंग एडवर्ड हॉल होता. पाचवा जॉर्ज १९१० ते २० जानेवारी १९३६. त्याच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट मुलाला आवडेल. राजाच्या झग्यावर साखळीत एक हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड, की लोकांना डुक्कर वाटलं. मुसलमानांनी असा रुपया नको म्हटलं. सरकारनं तो मागे घेतला आणि १९१२ पासून सोंड नीट केली. तुमचा १९१७ चा आहे, भिंग घेऊन छातीवरची साखळी बघा, हत्ती स्पष्ट हत्ती आहे. लोकांच्या नुसत्या नजरेनं सम्राटाचा ठसा बदलायला लावला, हे मला फार मोठं वाटतं.

आठवा एडवर्ड १९३६ मध्ये वर्षभरही टिकला नाही, डिसेंबरात गादी सोडून गेला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या नावाचं नाणं चलनात आलंच नाही. इकडे ते हवं असेल तर कच्छ संस्थानच्या ‘कोरी’ या नाण्यासारख्या संस्थानी नाण्यांकडे जावं लागतं. मग सहावा जॉर्ज. युद्धात चांदी महागली, १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी उरली, आणि अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची म्हणून शेवटी रुपया निकेलचा झाला. तुमचा १९४७ चा तोच, मागे वाघ. त्याला चुंबक लावून बघायला सांगा, चिकटेल. बाकीचे रुपये चिकटणार नाहीत.

आता या रुपयाबद्दल तुमचा मुख्य प्रश्न. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचं राज्य गेलं, मग राजा कसा? ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या कायद्यानं भारत तेव्हा डोमिनियन झाला होता, प्रजासत्ताक नव्हे. सरकार पूर्णपणे आपलं, पंतप्रधान आपले, पण कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच, आणि त्याच्या नावानं गव्हर्नर जनरल. आधी माउंटबॅटन, आणि २१ जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी. ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी राजानं २२ जून १९४८ ला सोडली. राजाचं नातं संपलं ते २६ जानेवारी १९५० ला, राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले तेव्हा. आणि अशोकस्तंभाच्या सिंहांची नाणी आली १५ ऑगस्ट १९५० ला. म्हणजे सत्ता गेल्यापासून नव्या नाण्यापर्यंत पुन्हा तीन वर्षं. कंपनीच्या वेळी चार, या वेळी तीन. सरकार नवीन असलं तरी बाजाराला रोज सुटे पैसे लागतात, आणि ते जुन्याच ठशाचे असतात.

तुमच्या आजेसासऱ्यांच्या बाबतीत मात्र याहून जास्त घडलं, आणि पुस्तकात ते दोन ओळींत उरकतात. ते मल्हारगंजातून कुठेही हलले नाहीत असं तुम्ही लिहिता. ऑगस्ट १९४७ मध्ये यशवंतरावांनी सामीलनाम्यावर सही केली, तेव्हा परराष्ट्र, संरक्षण आणि दळणवळण दिल्लीकडे गेलं, कचेरी होळकरांचीच राहिली. २८ मे १९४८ ला मध्यभारत हे नवं राज्य झालं. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, आपले यशवंतराव उपराजप्रमुख, लीलाधर जोशी मुख्यमंत्री. ज्या दोन घराण्यांनी माळव्यासाठी एकमेकांशी झगडा केला, ती एका पाटीखाली आली. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, दरवर्षी फायली गाडीत घालून न्यायच्या. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. ज्या माणसाचा जन्म होळकर राज्यात झाला, त्यानं त्याच ओसरीवर बसून सरकारचं नाव दोनदा बदलताना पाहिलं, आणि राजधानी गावातून कायमची गेलेली पाहिली. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत भोपाळचं नाव घेताना आवाज अजून जरा उतरतो, त्यामागे हे आहे. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे तर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं गेले.

आता नाण्यांचं. हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू, राख, काहीही लावू नका. सूर्याच्या रुपयावरचा काळसर थर त्याच्या वयाचा पुरावा आहे, तो गेला की नाणं चकाकतं पण बोलायचं थांबतं. कोमट पाण्यानं धुळीपुरतं धुवा, मऊ सुती कापडानं टिपा, घासू नका. तांब्याचा अर्धा आणा चांदीच्या रुपयांपासून वेगळा, कोऱ्या कागदाच्या पुडीत ठेवा. पेटीत मिळालेल्या जुन्या पुड्या किंवा चिठ्ठ्या असतील तर फेकू नका.

आणि मुलासाठी एक पद्धत. नऊ नाणी जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडायची. प्रत्येकाखाली तीन कोऱ्या चिठ्ठ्या: नाव कुणाचं, हुकूम कुणाचा, मान्यता कुणाची. पेन्सिलनं भरायला सांगा, कारण सूर्याच्या रुपयाच्या चिठ्ठ्या तो सन वाचल्यावर नक्की खोडेल. शेवटी १९४७ च्या वाघानंतर एक जागा रिकामी सोडा. तिथे १९५० चा निकेलचा रुपया बसतो, समोर सिंह आणि मागे गव्हाच्या दोन ओंब्या. सराफ्यात तो अजून माफक किमतीत मिळतो. इंदूरला आलात तर त्याला घेऊन या, चार-पाच नाणी समोर टाकतो, त्यातला त्यानंच निवडावा.